पाहुण्यांपुढं नेट गेलं, त्याचा खुलासा

टेंभुर्णी, रविवार

तीर्थरूप रायभान दाजींना मेहुण्या कडूबाचा हात जोडून नमस्कार. आक्काची कंबर अन् तुमची साखर, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. इकडं सगळे खुशाल. तुम्ही फोन उचलून न्हाई राह्यले, म्हणून हा कागद. आमच्या मोनिकासाठी पुण्याचं स्थळ तुम्ही आणलं अन् ऐन पाहण्याच्या कार्यक्रमात आम्ही व्हिडिओ कॉल तोडला, असा पाहुण्यांचा गैरसमज झाला हाय. खरा गुन्हेगार नेटची कंपनी हाय.

तयारीत आम्ही काही कमी ठेवलं न्हाई. मुलाला सुट्टी न्हाई म्हणून कार्यक्रम टीव्हीवर. तरी आमच्या मंडळीनं, आसराबाईनं, टीव्हीपुढं पाट मांडून कांदापोह्याच्या तीन बशा ठेवल्या अन् "घ्या ना" म्हणून पाहुण्यांना आग्रह केला (पोह्याबिगर पोरगी दाखवायची म्हणजे तिला पाप वाटतं). मोनिकाला चालून दाखव म्हणले, तर कॅमेऱ्यात नुसते पायच आले. पाहायचे तेवढेच होते, त्यामुळं बरंच झालं. मंग मुलाच्या वडलांनी इचारलं की जालन्याच्या बियाणं कंपनीतली नोकरी पोरगी लग्नानंतर सोडंल ना. मी "आपण म्हणाल तसं" म्हणायला तोंड उघडलं, अन् पाहुणे टीव्हीत जागच्या जागी थिजले. थोड्या वेळानं तेही गेले (मोबाइलच्या नेटवर आमच्याकडं आवाज येतो, चेहरा येत न्हाई).

लगेच कंपनीला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा म्हणे. दाबलं तर हिंदी गाणं लागलं. गाणं संपल्यावर एक जण आला. त्यानं आधी माझी तब्येत इचारली, मंग नेटच्या डब्यावर कोणती बत्ती लागली ते. म्हणलं एकही न्हाई. म्हणे डबा बंद करून चालू करा. अरे बाबा, बंदच हाय, त्याला अजून किती बंद करू? तर म्हणे, आमच्याकडून सगळं बराबर हाय, तुमच्या घरी डब्याची पिन बोर्डात बसली का पाहा. इकडं पाहुण्यांत इज्जत चालली अन् हा पिन पाहा म्हणून राह्यला! मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तवर फोन कटला. परत लावला तर दुसरा आला अन् पुन्हा तब्येतीपासून सुरू झाला. तिसऱ्या बारीला बाई होती. बाईमाणसाला काय बोलावं, म्हणून तिला नुसतं रडगाणं सांगितलं; तिनं माफी मागितली अन् परत पिनच सांगितली. शेवटी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवली हाय, खुश असाल तर कळवा. असली ही कंपनी. आमची चूक बिलकुल न्हाई, एवढं पाहुण्यांच्या कानावर घाला.

आपला मेहुणा,
कडूबा

ता.क. दाजी, वरचा कागद पाहुण्यांना वाचून दाखवायला लिहिला. इथून खालचा तुमच्यापुरता, तेवढा फाडून घ्या. पिन मोनिकानं काढल्ती. मी तिसऱ्या फोनवर असताना तीच आली, पिन बसवली, डब्याला हिरवे दिवे लागले. म्हणली, "आबा, त्या लोकांना कशाला बोलता? तुम्ही हो म्हणायच्या आत मला दुसरं काही सुचलं न्हाई." मी रागं भरणार, तर आसराबाई पोह्याच्या बशा उचलता उचलता म्हणली, "माझ्या टायमाला मला सुचलं असतं, तर मी आख्ख्या गल्लीची लाईट काढली असती." नोकरी पोरीची, अन् हो मी म्हणून राह्यल्तो. खरं सांगतो, बरं वाटलं. हे स्थळ आम्हाला नको. पण तुमचा शब्द खाली पडू नये, म्हणून कंपनीला पुढं केलं (तिला एवढ्या शिव्या पचतात, ही एक पचंल).

ता.क. दुसरा. पाहुण्यांनी दुसरी तारीख मागितली तर सांगा, टेंभुर्णीचं नेट अजून आलं न्हाई. दिवाळीला इचारलं तरी हेच सांगा. आक्काला मात्र आजच व्हिडिओ कॉल लावायला लावा, मोनिकाला बोलायचं हाय. चित्र एकदम साफ दिसून राह्यलं.