आईच्या खोलीतला लसणाचा वास

सिदू,

मळ्यातून आलास की आधी हे वाच, आन् आईच्या खोलीत काडी वढू नको. तिच्या नावाचा दिवा मी इझवलाय. तुझी वहिनी मनकर्णा लई रडली, पण इलाज न्हाई.

सुतकामुळं घरात फोडणी न्हाई, तरी खोलीत लसणाचा वास घुमतोय. मनकर्णा म्हणती, आत्याबाई आल्या. मी तिच्यावर वरडलो. आई गेली, आता कोण येत न्हाई बे! हैदराबादेहून आणलेल्या गॅसबत्तीच्या कार्बाईडचा डबा आईच्या खाटंखाली हाय. त्याला वल लागली की गॅस सुटतो, त्याचा वास लसणावानीच असतो, आन् जवळ दिवा असला तर घर उडंल. डबा गोठ्यात ठेवायला नेतोय. खिडकी उघडी राहू दे.

तुझा दादा

ताजा कलम: डबा अंगणात नेऊन बघितला. झाकणाची लाख तशीच हाय, आतले खडे कोरडे खडखड वाजतेत. वास डब्याचा न्हाई. वासामागं गेलो तर सैपाकघरात पोचलो. सुतक लागल्यापासून भिंतीला उभा केलेला पाटा आडवा पडलाय, आन् तो ओला हाय.

शेवटच्या दिवशी आई लसणाची चटणी मागत होती. हकिमानं नको म्हटलं म्हणून मी दिली न्हाई, तू तितंच होतास.

डबा ठेवून तसाच केजच्या बाजारातून लसूण आणतो. वहिनीला म्हणावं, दिवा लाव. पाटा कुणी पुसू नका.