जमिनीवरचे पाच महिने

दि. ९ फेब्रुवारी

ती. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनच करणार होते, पण हे दिवसभर घरात असतात आणि आपलं घर ते केवढं! एका खोलीत शिंकलं तर दुसऱ्या खोलीतला माणूस दचकतो. म्हणून शाळेच्या ग्रंथालयात, मधल्या सुट्टीत, मुलांनी परत केलेल्या पुस्तकांच्या ढिगाआड बसून लिहितेय.

गेल्या मंगळवारी यांना गोदीचे मुकादम घरी आणून सोडून गेले. क्रेनच्या केबिनमध्ये हे दांडा धरून पाऊण तास नुसते बसून होते. खाली ट्रेलरची रांग लागली, वॉकी-टॉकीवर हाका मारून मुकादमांचा घसा बसला. शेवटी दुसरा क्रेनवाला वर गेला आणि यांना एकेक पायरी करत खाली घेऊन आला. काय झालं विचारलं तर म्हणाले, हात उचलावासा वाटेना.

तसं हे तीन-चार महिन्यांपासून चाललंय. झोप नाही, जेवण ताटात चिवडतात. कुणाशी भांडण नाही, नोकरीत कटकट नाही. कारण म्हणून बोट ठेवावं असं काहीच नाही. परवा मासे पकडायचे गळ शेजाऱ्यांना देऊन टाकले. काल मला कपाटापाशी बोलावून विम्याचे कागद दाखवले आणि म्हणाले, माझ्यावाचून तुमचं काही अडायचं नाही. 

तुमचं ते ऐकतात. काय करू ते कळवा.

तुमची, सध्या फार घाबरलेली,
भावजय

दि. १२ फेब्रुवारी

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोचं पत्र मिळालं. तिच्यावर डाफरलास तर गाठ माझ्याशी आहे. मी तिच्याशी फोनवर बोललेय. तिने रजा घेतलीय, ती तुला एकटं सोडणार नाही आणि उद्या सकाळी तुला डॉक्टरांकडे नेणार आहे. मी परवा पोचते. शेजारीण आजच तिकडे निघालीय, तिच्या हाती हे पत्र देतेय, कारण समोरासमोर तू सगळं चेष्टेवर नेशील.

तर सरळ विचारते. तुला जीव द्यावासा वाटतोय का? विचारल्याने नसलेलं डोक्यात येत नाही, हे मला एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. हो असेल तर हो म्हण. मी किंचाळणार नाही.

त्या बाई मला कुठे भेटल्या? नऊ वर्षांपूर्वी गुडघ्यांच्या उपचारासाठी मी तीन महिने शिवणाचं दुकान बंद ठेवलं होतं ना? गुडघे ठणठणीत होते. मला डिप्रेशन आलं होतं. कात्री धरून कापडाकडे बघत बसायचे, कुठून कापायचं ते सुचायचं नाही. गिऱ्हाईक आलं की आतल्या खोलीत लपायचे. तुला सांगितलं नाही, लाज वाटली. ती लाज मी उगाच इतकी वर्षं जपली. तेव्हाच बोलले असते तर तू केबिनमध्ये असा एकटा पडला नसतास, हे आता टोचतंय.

बरं होता येतं. मी झाले. उद्या निमूटपणे जा.

तुझीच,
ताई

दि. २० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घरात ओरडायला कुणी नाही, त्यामुळे शेजारीसुद्धा तुझी चौकशी करतात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला देता आलं नव्हतं. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा हो म्हणालो. ते दचकले नाहीत. म्हणाले, हे बोललात, आता आपण मिळून बघू. मग हिला आत बोलावून ठरवलं : गोळ्या हिच्या ताब्यात, आणि विचार जोर करायला लागले तर कुणाला फोन करायचा, त्या तिघांची नावं कागदावर. तुझं नाव पहिलं.

आता तक्रार. पाच आठवडे झाले. तोंड कोरडं पडतं, मळमळतं आणि मन आहे तिथेच बसून आहे. समुपदेशक बाई माझी मुलगी शोभावी एवढ्या वयाच्या. त्यांनी गृहपाठ दिलाय : रोज आंघोळ, कोपऱ्यापर्यंत चालणं आणि पूर्वी आवडायचं असं एखादं काम. मी म्हणालो, आवडतच नाही तर करू कशाला? त्या म्हणाल्या, आवड परत यायची वाट बघू नका. आधी हात हलवा, मन मागून येईल. एवढीशी पोरगी, पण मुकादमाच्या वरताण.

डॉक्टरांच्या चिठ्ठीमुळे वर चढायला बंदी आहे. गेटाजवळ टेबलावर बसून कंटेनरचे नंबर टिपतो. बावीस वर्षं ज्यांना वरून पाहिलं ते आता वाकून माझी विचारपूस करतात. मान खाली घालून बसतो. गोळ्या बंद कराव्यात असं मनात आहे.

तुझा,
गुंड्या

दि. २४ मार्च

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

खबरदार! पत्र वाचून लगेच फोन केला, तरी लेखी बजावते, म्हणजे ‘ताई, तू असं म्हणालीच नव्हतीस’ अशी पळवाट तुला उरणार नाही.

मी दुसऱ्या महिन्यात स्वतःच्या अकलेने गोळ्या सोडल्या होत्या. आठवड्याभरात चक्कर, रडारड आणि पुन्हा अंथरूण. तोंड कोरडं पडतंय ते मला कशाला कळवतोस? डॉक्टरांना सांग. मलाही पहिलं औषध मानवलं नव्हतं. त्यांनी बदललं, तेव्हा कुठे गाडी हलली. एखाद्याला एक सदरा बसत नाही म्हणून मी त्याला उघडा पाठवत नाही, दुसरं माप घेते.

टेबलावर बसायची लाज वाटते म्हणतोस. पाय मोडला असता तर प्लास्टर मिरवत बसला असतास आणि गोदीभर लोकांना त्यावर सह्या करायला लावलं असतंस!

चालायला कोपऱ्यापर्यंत जमत नसेल तर दारापर्यंत जा. तेवढंही जमेस धरतात.

तुझी,
ताई

दि. २६ मे

ती. वन्संना शि. सा. न.

घाईत चार ओळी. आज हे हसले!

नवीन गोळी सुरू होऊन सात आठवडे झाले. झोप लागते, जेवतात, समुपदेशक बाईंचा गृहपाठ कुरकुरत का होईना करतात. मध्ये एक आठवडा फार वाईट गेला, तेव्हा यांनी स्वतः येऊन मला सांगितलं की आज विचार येताहेत, आणि आम्ही लगेच दवाखाना गाठला. मला तोच दिवस मोठा वाटतो.

आज मी पीठ मळताना फोन वाजला, तर हात धुवायच्या गडबडीत फोनऐवजी साबणच कानाला लावला. हे दारात उभे होते. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मीही. कान अजून चुरचुरतोय. चुरचुरू दे.

तुमची,
भावजय

दि. १८ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

चढलो!

डॉक्टरांनी तपासून लेखी परवानगी दिली, गोदीच्या डॉक्टरांनी वेगळी तपासणी केली आणि बुधवारी सकाळी मुकादमांनी मला जिन्यापाशी उभं केलं.  समुपदेशक बाईंनी शिकवल्याप्रमाणे लांब श्वास सोडत, प्रत्येक टप्प्यावर थांबत गेलो. केबिनमध्ये बसलो, दांडा धरला. पाण्यावर ऊन पडलं होतं, बोटी होत्या, सगळं नेहमीचंच. पण ताई, मला ते बघावंसं वाटलं. बघावंसं वाटणं काय चीज आहे, ते पाच महिन्यांपूर्वी मला विचारायला हवं होतंस.

पहिला कंटेनर उचलला आणि असा उतरवला की चारही कोपरे एकदम ट्रेलरच्या खुंट्यांवर बसले. खडखड नाही, धक्का नाही. खालून मुकादमांनी वॉकी-टॉकीवर शिवी हासडली. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही.

काल सुरक्षेची सभा होती. हेल्मेट, दोर, आगीचे बंब, सगळं बोलून झाल्यावर मी उठलो. तीनशे माणसं समोर. सांगितलं की इतके दिवस तुम्हाला पाठदुखी म्हणून सांगत होतो, पण मला पाठदुखी नव्हती, डिप्रेशन होतं. मरावंसं वाटत होतं. उपचार घेतले, गोळ्या अजून चालू आहेत, डॉक्टर म्हणतील तोवर चालतील.  मला वाटलं, झाली फजिती. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि पत्र्याचं छप्पर दणाणलं.

संध्याकाळी आमच्याकडचा सगळ्यात आडदांड हमाल, ज्याला सगळे पहिलवान म्हणतात, मला कंटेनरच्या आडोशाला घेऊन गेला. या गोळ्यांनी माणूस लठ्ठ होतो का, पहिल्या दिवशी डॉक्टर काय विचारतात, असं दबक्या आवाजात विचारत राहिला. भावासाठी विचारतोय म्हणाला. त्याला चार बहिणी आहेत, भाऊ एकही नाही. मी ते बोललो नाही. तू मला जे सरळ विचारलं होतंस, ते त्याला विचारलं. तसं काही मनात नाही म्हणाला, पण खूप वेळ माझा हात सोडला नाही.

सोमवारी दहा वाजता मी त्या भावाला घेऊन दवाखान्यात जातोय. बाकावर शेजारी बसणार आहे.

कळावे. तुझा लोभ अंगावर येतो, तरी कमी करू नकोस.

तुझा,
गुंड्या