रयोकानची रंगीत तालीम

१४ ऑगस्ट १९९९, शनिवार
मिझोगुची साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये ते आपल्या तीन मोठ्या अरब डीलरांना जपानला नेणार. आधी पंपांची फॅक्टरी, मग डोंगरातल्या रयोकानमध्ये दोन दिवस मुक्काम. रयोकान म्हणजे जुन्या पद्धतीची जपानी धर्मशाळा, पण महागडी. सोबत सेल्समधला एक जण जाणार. ब्रोशर पाहिलं. खाट नाही, खुर्ची नाही. जमिनीवर बसून जेवायचं, जमिनीवर गादी घालून झोपायचं, आणि अंग धुऊन गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसायचं.

मी मनात हसलो. माझा जन्म कुडाळचा. यात शिकायचं काय? शिवाय सेल्समध्ये दोघेच, मी आणि मोहिद्दीन. मोहिद्दीनचं पोट पाहता तो खाली बसणार कसा, हाच प्रश्न आहे.

घरी बायकोने, हेमाने विचारलं, साहेबांनी तुमचं नाव घेतलं का? म्हटलं, घ्यायची गरज नाही. लेकीला, मिहिकालाही सांगितलं. तिची मैत्रीण अस्मी, तिचे बाबा सारखे जर्मनीला असतात. मी इथे अजमानात आल्यापासून दहा वर्षांत फार तर दोन तासांवरच्या अल ऐनपर्यंत गेलोय. मिहिका नुसतं नाइस म्हणाली, पण चेहरा उजळला. मी नीट पाहिलं. आता जायचंच.

१६ ऑगस्ट
संकल्प. आजपासून जमिनीवर झोपणार. रोज अर्धा तास गुडघे दुमडून टाचांवर बसणार, कारण तिथे मांडी घालणं शिष्ट समजत नाहीत. शारजातून चटई आणली, पस्तीस दिरहम. हेमा म्हणाली, चारशे रुपयांची चटई?

१७ ऑगस्ट, सकाळी ६
कंबर. जास्त लिहवत नाही. हेमा म्हणते, लग्नानंतर इतकी ऐसपैस झोप पहिल्यांदाच लागली.

२० ऑगस्ट, शुक्रवार
कुंडाची तालीम. अजमानात ऑगस्टमध्ये गार पाण्याच्या नळालाही गच्चीवरच्या टाकीतलं कढत पाणी येतं. लोक तक्रार करतात, मी संधी पाहिली. टबातले भिजवलेले कपडे काढले, टब भरला, बसलो. ब्रोशरमधली माणसं डोळे मिटून हसत असतात. मी चार मिनिटं बसलो. सध्या माझा रंग उकडलेल्या कोळंबीचा आहे.

हेमाने विचारलं, तिथे सगळे बिनकपड्यांचे एकत्र बसतात ना, मिझोगुची साहेबसुद्धा? या मुद्द्याचा विचार ऑक्टोबरमध्ये करीन.

२७ ऑगस्ट
आईला फोन केला. जपानचं सांगितलं. ती म्हणाली, त्यापेक्षा गणपतीला ये. भावाला आणि सासऱ्यांनाही कळवलं. वॉचमन कमरुद्दीनला सांगायचं नव्हतं, पण त्याने लंगडताय का विचारलं आणि विषय निघाला.

४ सप्टेंबर, शनिवार
टाचांवर बसण्याचा आजचा उच्चांक सहा मिनिटं. सातव्या मिनिटाला पाय आपले नाहीतसे वाटतात. आठव्याला आपलेच आहेत हे कळतं. तरी काळजी नाही. उपजत असलेली गोष्ट ऐनवेळी आपोआप येते.

मिहिकाची शाळा सुरू झाली. एव्हाना माझ्या जपानचं वर्गभर झालं असेल.

१५ सप्टेंबर
उद्या साहेबांनी डीलरांना दुबईत जपानी हॉटेलात जेवायला बोलावलंय. आम्ही दोघेही आहोत. खाली बसून जेवण. म्हणजे उघडउघड परीक्षा. मोहिद्दीनला मित्र म्हणून सुचवलं, की झेपणार नसेल तर बरं नाही म्हणून कळव. तो म्हणाला, इन्शाल्ला झेपेल.

१७ सप्टेंबर, शुक्रवार
काल रात्री सगळे टाचांवर बसले. डीलर मजेत. मोहिद्दीन दीड तास जागचा हलला नाही, वर सगळ्यांना वाढत होता. मी सहाव्या मिनिटाला एक पाय बाजूला काढला, दहाव्याला दुसरा. मग मांडी घातली. मांडीसुद्धा टिकली नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. शेवटी टेबलाखालून पाय लांब केले. ते एका डीलराच्या मांडीवर पोचले. त्याने फक्त खाली पाहिलं.

जेवण झाल्यावर सगळे उठले. मी उठलो नाही. मग शेजारच्या कागदी दाराला धरून उठायला गेलो. ते सरकतं दार होतं. ते सरकलं, आणि मी त्याच्याबरोबर गेलो.

मोहिद्दीनने काखेत हात घालून मला गाडीपर्यंत आणलं. विचारलं, तुला हे जमतं कसं? तो म्हणाला, भाई, दिन में पाँच बार ऐसे ही बैठता हूँ. दहा वर्षं आमची टेबलं शेजारी आहेत. नमाजाच्या वेळी तो उठून कुठे जातो हे मला माहीत होतं. तिथे तो कसा बसतो, हा विचार कधी केला नाही.

१८ सप्टेंबर, शनिवार, सकाळी ९
ऑफिसात माझ्या टेबलाशी नवी खुर्ची. पाठीला उशी, हातांना टेकू. वर साहेबांची चिठ्ठी, उपेंद्र-सानसाठी, म्हणजे मला उपेंद्रराव म्हटलंय. असल्या खुर्च्या फक्त मॅनेजरांना असतात. संकेत स्पष्ट आहे. मोहिद्दीनच्या टेबलावर नुसतं एक पाकीट.

दुपारी १२
पाकिटात जपानचं तिकीट होतं.

१९ सप्टेंबर, रविवार
भाऊ, सासरे, कमरुद्दीन यांना काय सांगायचं ते ठरलंय. कंपनीला इथे माझी गरज आहे. मिहिकाला सांगायचं धैर्य होत नव्हतं. संध्याकाळी ती गणित करत होती, तेव्हा शेजारी बसलो. कंपनीला गरज आहे म्हणून सुरुवात केली, पण तिने मान वर करून पाहिलं आणि मला पुढे बोलवेना. मग खरं ते सांगितलं. मला नेत नाहीत. मला फार जायचं होतं. म्हटलं, वर्गात मैत्रिणी विचारतील, त्यांना सांग, बाबा पुढच्या वर्षी जाणार.

ती म्हणाली, डोन्ट वरी बाबा, आय नेव्हर टोल्ड एनीवन.

का नाही सांगितलंस, हे ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तिची अजून चार गणितं राहिली होती, ती तिला करू दिली.