गिळताना हलणारा कान

आई,

दूध गिळताना बाळाचा डावा कान किंचित हलतो. हे मला आज सकाळी कळलं, कारण आजवर तिने गिळलंच नव्हतं. जन्मतः तुटलेली अन्ननलिका ऑपरेशनने जोडून झाली, तरी दूध नाकातल्या नळीनेच जात होतं. आज तिने अख्खी बाटली तोंडाने संपवली. ठसका लागला नाही. वर ढेकर दिला, तो थेट बाबांच्या वळणाचा.

मी हॉस्पिटलमधून कपडे घ्यायला घरी आले होते. तुम्ही बाजारात गेला होतात, म्हणून ही चिठ्ठी. फ्रिजमध्ये निळ्या झाकणाच्या बाटल्यांत बाळासाठी काढलेलं माझं दूध आहे. एक अर्धी दिसते. काल बाबा फोनवर ज्या चहाचं कौतुक करत होते, तो त्याच दुधाचा असणार. त्यांना सांगू नका.

तुम्ही अजून तिला मांडीवर घेतलेलं नाही. जीव लागेल आणि काहीतरी होईल, ही भीती मलाही होती. नळीसकट घरी न्या, असं डॉक्टर आठवडाभर सांगत होते आणि मी नुसतं 'बघू' म्हणत होते. आज त्यांनी विचारायच्या आत मीच म्हटलं, "उद्या आम्ही तिला घरी नेतो."