बाटल्या हलणार नाहीत

माझे मेव्हणे, पडघ्याचे भरतशेठ यांस वडप्याच्या अनंताचा रामराम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींनाही नमस्कार सांगा.

तुमची बहीण रुसून तुमच्याकडे आलीय, तिने तिची बाजू रंगवून सांगितली असेलच. आता माझी ऐका. माफीबिफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या गोदामातल्या आग विझवायच्या पाइपांना वर्षभरात भोकं पडली. भाडेकरू चारचौघांत म्हणाला, शेठने भंगार पाइप घातले. मी! (ज्याने दुकानदाराचं डोकं खाऊन एक नंबरचा माल उचलला!) माझी भाची नेत्रा लॅबमध्ये असते. ती म्हणाली, मामा, पाइपात काळा गाळ आहे ना, त्यातले जिवाणू हवेशिवाय जगतात आणि लोखंड पोखरतात. प्रयोग करून दाखवा त्याला. पद्धत सोपी. एकाच लोखंडाच्या दोन पट्ट्या सोनाराच्या काट्यावर तोलायच्या, दोन बाटल्यांत गाळाच्या पाण्यात बुडवायच्या, आत हवा राहू न देता बुचं मेणाने बंद करायची. फरक एवढाच, की एका बाटलीतला गाळ आधी शिजवून जिवाणू मारायचे. आता शिजवायचा कशात? घरात कुकर एकच. (भरपूर शिट्ट्या काढल्या, नंतर घासूनही ठेवला.) तुमच्या बहिणीने त्यात वरण लावलं, आम्ही दोघं पोटभर जेवलो, आणि मग मला सांगायची बुद्धी झाली.

त्यात जिवंत बाटलीचं बूच सैल निघालं. घरभर सडक्या अंड्यांचा वास, तोही तिच्या उपासाच्या दिवशी, आणि शेजारच्या डब्यातले तिचे चांदीचे पैंजण काळे ठिक्कर! "ह्या घरात मी नायतर त्या बाटल्या," म्हणाली. मीही बोलून गेलो, बाटल्या हलणार न्हाय. पिशवी भरली आणि निघाली. जाऊ दे! गावात माझं नाव भंगारात निघालंय आणि मी बाटल्या मोरीत ओतू?

आपला (तुमच्याच शब्दांत) हेकट दाजी,
अनंता

ता.क. जिंकलो! जिवंत बाटलीतली पट्टी खड्डे पडून हलकी निघाली, दुसरी होती तशीच. भाडेकरूने चारचौघांतच शब्द मागे घेतला. धावत घरी आलो सांगायला, तर घरात कोण? लय वाईट वाटलं, भरतशेठ.

ता.क. आणखी एक. हे पत्र पोस्टाने आलं नाही. तुमच्या घरासमोरच्या टपरीवर बसलोय, चहावाल्याच्या हाती धाडतोय. बाटल्या ओतून, धुऊन आलोय. माफी मागणार नाही म्हणालो, ते तुमच्याकडे. तिला जरा बाहेर पाठवा, तिच्याकडे मागतो.