सातवी मुलाखत

प्रिय ताई,

कॉलेजात मी मुलांना व्यवसायाचा आराखडा करायला शिकवते, हे तुला ठाऊक आहे. माझी एकच अट असते. लिहायला बसण्याआधी दहा गिऱ्हाइकांशी बोलून यायचं. यंदा आपल्याच गावच्या एका मुलीने अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी घरी मदतनीस पाठवण्याचा व्यवसाय मांडला. सुट्टीत दवाखान्याच्या रांगेत बसून तिने मुलाखती घेतल्या होत्या.

सातव्या मुलाखतीला नाव नव्हतं. "आईला पक्षाघात होऊन अकरा वर्षं झाली. ती मला धाकटी समजून हाक मारते, मीही ओ देते. मला फार काही नको, पाठ टेकायला आठवड्यातून एक दुपार मिळाली तरी पुरे."

ओळखायला नाव लागलं नाही. मी त्या मुलीला बोलावून सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही धाकटी कुठे असते?"

"कॉलेजात शिकवते म्हणाल्या, मॅडम. तिला सवड नसते. अगदी कौतुकाने सांगत होत्या."

आराखडा चांगला झालाय, एवढंच मी तिला म्हणाले. ती धाकटी मीच, हे सांगायला तोंड उघडलं नाही.

दर फोनला मी "काही लागलं तर सांग" म्हणत आले आणि तू "काही नको गं" म्हणत आलीस. मला तेच सोयीचं होतं, ताई.

महिनाभराची रजा मंजूर झाली आहे. हे पत्र मात्र टाकणार नाही. टाकलं, तर तू फोन करून म्हणशील, "येऊ नकोस, मी बघते." आणि मी पुन्हा तुझं ऐकेन.

तुझी,
धाकटी