झुरळं, मी आणि चंद्राचा दम

३ नोव्हेंबर २००८, सकाळी ७
आजपासून झुरळमुक्ती. मुदत आठ दिवस. चंद्रा सकाळी खोकते, छातीत शिट्टी वाजते. तिच्या मते झुरळांमुळे. झुरळ चावतसुद्धा नाही, खोकला कुठून देणार? कारण एकच, रोजचं केस धुणं. तरी मोहीम घेतली. बायकोच्या शब्दाला मान देणारा माणूस आहे मी. शिवाय धाटावच्या केमिकल कंपनीत एकोणीस वर्षं पॅकिंगला. केमिकल आपल्याला कळतं.

४ नोव्हेंबर
बोरिक पावडर, कणीक, साखर. गोळ्या वळून ओट्याखाली ठेवल्या. झुरळं आली, खाऊन गेली. विष हळूहळू भिनतं.

७ नोव्हेंबर
भिनतंय.

८ नोव्हेंबर
शेजारचे हसनभाई आले. कुवेतला बारा वर्षं पेस्ट कंट्रोलमध्ये होते. म्हणाले, "पुंडलिकभाऊ, आधी ते खोके काढा. सगळी वस्ती त्यात हाय."
खोके मी कंपनीतून आणलेत. तेवीस. मजबूत. कधी ना कधी लागतात. नम्रपणे सांगितलं, कुवेतची झुरळं कोरड्या हवेतली, रोह्याची दमट. पद्धत वेगळी. चहा पिऊन गेले.

११ नोव्हेंबर
मुदत संपली. अर्थात मी कामाचे आठ दिवस धरले होते.

१३ नोव्हेंबर, दुपारी
निर्णायक हल्ला. दारं-खिडक्या बंद करून स्प्रेचे दोन डबे रिकामे केले. चंद्राला बाहेर थांबायला सांगितलं होतं. ती दूध झाकायला आत आली. मग तिला श्वासच घेता येईना. ओठ निळे. मी दारं-खिडक्या उघडत सुटलो. हसनभाईंच्या बायकोने, खतीजाभाभींनी तिला धरून बसवलं, हसनभाईंनी रिक्षा आणली.

१४ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, दमा. झुरळांच्या घाणीचा बारीक भुगा श्वासातून आत जातो. त्यात फवाऱ्याने भडका उडाला. मी केस धुण्याचा मुद्दा मांडला. त्यांनी श्वासातून ओढायच्या औषधाचा पंप लिहून दिला.
चंद्रा पंप घेऊन पेणला बहिणीकडे, पुतळीकडे गेली. हवापालट. दोन दिवसांचा प्रश्न.

१९ नोव्हेंबर
सुट्टी. चंद्राला आणायला पेणला. ती भाकऱ्या थापत होती, खोकला नाही. तिच्यासाठी आणलेली शाल पिशवीतून काढली. शालीतून झुरळ निघालं. पुतळीने चपलेच्या एका फटक्यात मारलं. तंत्र बरं आहे.
मोहिमेचा सविस्तर अहवाल दिला. चंद्राने सगळा ऐकला. म्हणाली, "अवो, एवढं केलंत. मला दम लागतो तवा कसं होतं, एकदा तरी इचारलंत?"
विचारणारच होतो. शिफ्टमुळे राहून गेलं.
एकटाच परत आलो.

२३ नोव्हेंबर, रविवार
खोके काढले. सगळे. आत काय निघालं ते लिहीत नाही. हसनभाईंनी फटी बुजवल्या, मी सिमेंट कालवून दिलं. 'आधीच सांगितलं होतं' असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं.
दुपारी फोन केला. पुतळीने उचलला. चंद्रा बाजारात गेलेली. काही निरोप? म्हटलं, नाय, खास काय नाय.
पाच मिनिटांनी परत लावला. म्हटलं, तिला विचार, श्वास कसा आहे. मी विचारलंय म्हणून सांग.
पुतळी म्हणाली, "थांबा भाओजी, कागदावर लिवून घेते. तोंडी सांगितलं तर तिला खरं नाय वाटायचं."